पाणंदीकडच्या घराचं पान

रविवार, आठ तारीख. सकाळी साडेदहा. मुलुंड पूर्व, आमच्या घरी. हजर: मी, माझा नवरा, बोरिवलीहून माझा चुलतभाऊ (आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी), अंधेरीहून आत्या (शाळेत मराठी शिकवून निवृत्त, आमच्या पुस्तकाची मुद्रितं तीच तपासते), आणि घाटकोपरहून आबा, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

माझ्या वहीत कुठल्याही बैठकीची सुरुवात अशीच होते. आधी तारीख, मग कोण आलं, मग कामं. आलेल्या माणसांना पुढे काम द्यायचं असतं, म्हणून हजेरी आधी. त्या दिवशी काम एकच उरलं होतं, असं मला वाटत होतं. पुस्तकाची शेवटची छापील प्रत सगळ्यांनी एकदा चाळायची, चूक नसेल तर फाइल भांडुपच्या प्रेसला द्यायची.

पुस्तक म्हणजे आमच्या गावातल्या एकतीस घरांची माहिती. आमच्या गावात जवळजवळ सगळ्यांचं आडनाव एकच आहे, त्यामुळे आडनाव सांगून कुणाचा पत्ता लागत नाही. घर सांगावं लागतं. आम्ही खळ्यातले. चुलतभावाची सासुरवाडी तिठ्यावरची. कुणी तळ्याकडचे, कुणी माडाकडचे, कुणी वरच्या घरातले. यातली निम्मी घरं आता बंद असतात आणि त्यांतली माणसं घाटकोपर, वाकोला, बोरिवली, दहिसर अशी पसरली आहेत. तरी लग्नाच्या पत्रिका वाटताना अजून घराच्याच नावाने यादी होते.

माहिती गोळा करायला मी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म केला होता. घर कुठे, किती पिढ्या आठवतात, कोण कुठे कामाला गेलं, लेकी कुठे दिल्या, झाडं कोणती, विहीर आहे का, असे. काहींनी आठ-आठ पानं लिहून पाठवली, काहींनी फॉर्मच्या रिकाम्या जागेतसुद्धा जागा शिल्लक ठेवली.

पुस्तकात घरं कोणत्या क्रमाने लावायची यावर पहिल्या बैठकीत दीड तास गेला. अक्षरांच्या क्रमाने लावू म्हटल्यावर वरच्या घरातले उठून उभे राहिले. शेवटी शिमग्यात पालखी ज्या क्रमाने घरोघर जाते तोच क्रम पुस्तकात ठेवायचा ठरलं. तो आमच्यातल्या कुणीच ठरवलेला नव्हता.

दुसरा ठराव जास्त विचित्र होता, पण एकमताने झाला. मी सुचवलं होतं की प्रत्येक घर नव्या पानावर सुरू करू. दिसायला छान, मला सोपं. पण मग ज्या घराची माहिती पाऊण पानाची, त्याच्याखाली पाव पान कोरं राहणार. ते कुणालाच नको होतं. घराच्या नावाखाली मोकळी जागा दिसली की घर ओस पडल्यासारखं वाटतं, असं एका काकूंनी म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांची घरं खरोखरच ओस आहेत त्यांनी सगळ्यात जोरात डोलावल्या. म्हणून एक घर संपलं की एक ओळ सोडून लगेच दुसरं सुरू, असं ठरलं. गावातही तसंच आहे, एकाचं परसू संपतं तिथे दुसऱ्याचं अंगण.

मग आपलं घर शोधायचं कसं, असं कुणीतरी विचारलं. त्यावर मी उभी राहून सांगितलं होतं, आणि हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: प्रत्येक पानाच्या डोक्यावर घराचं नाव येईल. पुस्तक नुसतं अंगठ्याने चाळायचं, आपलं घर सापडेल. अनुक्रमणिका उघडायलाही नको.

हे मी विश्वासाने बोलले कारण हाच माझा धंदा आहे. मी घरून टाइपसेटिंग करते, कॉलेजच्या गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांचं. आमच्या प्रणालीत पान समोर ठेवून मजकूर हाताने इकडेतिकडे सरकवत नाहीत. मजकुरातच आज्ञा लिहायच्या, इथे मथळा, इथे तक्ता, इथे आकृती. मग संगणक सगळं एकदा वाचतो आणि पानं लावून देतो. पानाच्या डोक्यावरची ओळ, म्हणजे हेडर, तीसुद्धा तोच घालतो. प्रत्येक मथळ्यामागे एक न दिसणारी खूण असते. पान भरलं की प्रणाली त्या पानावरच्या खुणा बघते आणि त्यातली एक उचलून वर छापते. कोणती उचलायची एवढं फक्त आपण आधी सांगून ठेवायचं. पानावरची पहिली, शेवटची, की मागच्या पानावरून चालत आलेली.

पहिल्यांदा मी गणिताच्या पुस्तकाचा साचा तसाच घेतला. त्यात डाव्या पानावर धड्याचं नाव येतं, उजव्या पानावर उपविभागाचं. धड्याच्या जागी मी वाडी घातली आणि उपविभागाच्या जागी घर. पहिली प्रत बघून चुलतभाऊ म्हणाला की डावीकडे सलग सतरा पानं नुसतं ‘वरची वाडी’ लिहिलंय, वाचणाऱ्याने काय फक्त उजवी पानं बघायची? बरोबर होतं. दोन्ही पानांवर घराचं नाव घेतलं.

दुसरी प्रत आत्याने परत केली. साचा गणिताचा असल्यामुळे तो पानावरची शेवटची खूण उचलत होता. त्यामुळे एका पानावर सत्तावीस ओळी वरच्या घराच्या आणि खाली चार ओळी माडाकडच्यांच्या असल्या, तरी डोक्यावर ‘माडाकडचे’. आत्याने त्या पानाच्या कडेला लाल पेनाने लिहिलं होतं: भाडेकरू तळमजल्यावर, पाटी गच्चीवर. तिचे शेरे असेच असतात. शाळेतली मुलं घाबरायची, आम्हीही घाबरतो.

ते बदलायला एका आज्ञेतला एक शब्द पुरला. आता पानाची सुरुवात ज्या घराने होईल त्याचं नाव वर येऊ लागलं. मग मी तपासणी केली. वहीत एकशे बारा पानांची यादी, प्रत्येक पानासमोर वरचं नाव, आणि पानाची पहिली ओळ त्याच घराची आहे का, याची खूण. एकशे बाराच्या एकशे बारा बरोबर. त्या यादीखाली मी दोन रेघा मारल्या. मी दोन रेघा मारते तेव्हा ते काम माझ्यापुरतं संपलेलं असतं.

तर रविवार. नवऱ्याने दडपे पोहे केले होते. चुलतभाऊ फोटोंची पानं बघत होता, आत्या जोडाक्षरं. अकराच्या सुमाराला आबा आले. आबा आमचे लांबचे नातलग, पण गावातल्या सगळ्यांचेच ते आबा. वय ब्याऐंशी. घाटकोपरला भाचीकडे राहतात. नोकरी पाणी खात्यात, चावीवाले म्हणून. म्हणजे रस्त्यातल्या झाकणाखालच्या व्हॉल्व्हला लांब लोखंडी चावी लावून एकेका गल्लीला पाणी सोडायचं. लग्न केलं नाही. गावातलं त्यांचं घर पाणंदीकडचं, म्हणजे शेतात जाणाऱ्या अरुंद वाटेला लागून. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते गावी गेलेले नाहीत, आणि त्यांच्या मागे त्या घराला कुणी नाही.

चुलतभावाने आदल्या आठवड्यात त्यांना एक प्रत दिली होती, कौतुकाने. ती घेऊनच ते आले होते. पाणी प्यायले, पोहे नको म्हणाले, मग एक बशी घेतली. त्यानंतर प्रत माझ्या हातात दिली.

“बंद कर पुस्तक,” ते म्हणाले. “आता पाणंदीकडचा घर काढ बघू.”

मी अंगठा लावून पानं सोडत गेले. तिठ्यावरचे, तिठ्यावरचे, तिठ्यावरचे, तळ्याकडचे. परत मागे आले. तळ्याकडचे, तिठ्यावरचे. मधे काही नाही. मला वाटलं दोन पानं चिकटली असतील, म्हणून बोटाला पाणी लावून पाहिलं.

चुलतभावाने वाकून सांगितलं, “आबा, आहे की. अनुक्रमणिकेत बघा, पान सेहेचाळीस.”

“अनुक्रमणिका कोण बघता? ही म्हणाली होती नुसता चाळा, घर गावतला.”

मी सेहेचाळीस उघडलं. वर ‘तिठ्यावरचे’. खाली तिठ्यावरच्यांच्या शेवटच्या नऊ ओळी. मग पाणंदीकडचं घर, मथळा आणि नऊ ओळी. मग एक ओळ सोडून तळ्याकडचे सुरू. पान सत्तेचाळीस उघडताच तळ्याकडचे आणि डोक्यावरही तळ्याकडचे. प्रत्येक पान बरोबर होतं. पाणंदीकडचं घर एकाच पानाच्या मधे सुरू होऊन मधेच संपलं होतं, म्हणून कुठल्याच पानाची सुरुवात त्याने होत नव्हती, म्हणून ते वर कुठेच येत नव्हतं.

“पानात आहे आबा,” मी म्हटलं.

“पानात आसा. भायरसून दिसणा नाय.” ते रागावलेले नव्हते. चष्मा पुसत होते. “शिमग्याक पालखी अशीच जाता. दार बंद दिसला की ढोल फुडे.”

नवऱ्याने चहा ठेवतो म्हणून आत जाणं पत्करलं.

चूक कुठे झाली ते मला तिथेच बसल्या बसल्या कळलं, आणि ती प्रणालीची नव्हती. मी यादी पानांची केली होती. प्रत्येक पानाला घर मिळालं का, एवढंच तपासलं होतं. प्रत्येक घराला पान मिळालं का, हे विचारलंच नव्हतं. एकतीस घरांची उलटी यादी करायला वीस मिनिटं लागली असती. दोन रेघा मारायची मला घाई झाली होती.

मग आम्ही उपाय मांडले. चुलतभावाचं म्हणणं, त्या एका पानावर हाताने ‘पाणंदीकडचे’ लिहून टाक, कोण बघतंय. मी म्हटलं, तिठ्यावरचे बघतायत, आणि त्यातली एक तुझ्या घरात राहते. शिवाय हाताने घातलेलं नाव मजकुराबरोबर हलत नाही. उद्या आधीच्या घरात दोन ओळी वाढल्या की मजकूर पुढे सरकणार आणि नाव तिथेच राहणार. दुसरा उपाय शब्दकोशासारखा, वर दोन नावं घालायची, पानावरचं पहिलं आणि शेवटचं. पण सेहेचाळीसवर तीन घरं, आणि आबांचं नेमकं मधलं. तिन्ही नावं एका ओळीत मावत नव्हती, मी करून पाहिलं. आबांचं घर नव्या पानावर घ्यायचं तर आधीच्या पानावर तिठ्यावरच्यांच्या खाली अर्ध्याहून जास्त पान कोरं. ते ठरावाविरुद्ध.

आत्या इतका वेळ जोडाक्षरांतच होती. मान वर न करता म्हणाली, “घर लहान आहे म्हणून दिसत नाही ना? मग त्यांना विचारलंस का, अजून काही सांगायचं आहे का म्हणून? फॉर्म तुझाच. नऊ प्रश्न विचारलेस, त्यांनी नऊ ओळी दिल्या.”

आबा लगेच म्हणाले की जे आहे ते एवढंच आहे, वाढवून लिहिलं तर खोटं होईल. चहा पिऊन ते निघाले. जिन्यात मी त्यांच्याबरोबर खालपर्यंत गेले. रिक्षात बसताना त्यांनी सांगितलं, राहू दे, एवढा काय मोठा प्रश्न नाय. ते ऐकून मला जास्त लागलं.

वहीत लिहिलं: पाणंदीकडचं घर, चौदा ओळी हव्यात. हिशोब सरळ होता. आमच्या पानावर चौतीस ओळी बसतात. मथळ्याला दोन ओळींची जागा धरून, आबांचं घर संपल्यावर सेहेचाळीसवर तेरा ओळींची जागा उरते. चौदावी ओळ पुढच्या पानावर जाईल, म्हणजे सत्तेचाळीसची सुरुवात पाणंदीकडच्या घराने होईल आणि नाव आपोआप वर येईल. प्रत्यक्षात एकच ओळ पुढे गेली तर दिसायला वाईट दिसतं, म्हणून पंधरा-सोळा धरल्या. पण ओळी काही मी बनवू शकत नव्हते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे मी स्वतःला देते त्या सुट्टीत, मला सुचलं की आबांनी आपल्या घराबद्दल कमी लिहिलं असेल, पण बाकीच्या तीस घरांनी काय लिहिलंय? सगळ्या फाइलमध्ये ‘पाणंदी’ हा शब्द शोधला. आबांचं घर सोडून अकरा ठिकाणी सापडला. तळ्याकडच्यांचा विहिरीचा प्रश्न: तळं आहे पण पिण्याचं पाणी पाणंदीकडून. माडाकडचे: वैशाखात पाणंदीकडच्या विहिरीवर. वरचं घर, ज्यांचा मान पहिला: आमची विहीर मार्चनंतर आटते, मग पाणंदीकडे. तिठ्यावरचे, तेच. आमचं स्वतःचं घर, माझ्याच हाताने टाइप केलेलं, तेच. अकरा घरं त्या एका विहिरीचं पाणी पीत होती. आणि आबांच्या फॉर्मवर ‘विहीर आहे का’ या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘आहे’.

मंगळवारी घाटकोपरला गेले. बसने, कारण आबांची इमारत बसथांब्यासमोरच आहे. भाची कामावर गेली होती. आबा खिडकीत बसले होते आणि खालच्या गल्लीत टँकर आलाय म्हणून वैतागले होते. त्या गल्लीला टँकरची गरजच नाही, असं त्यांचं मत. तिथला व्हॉल्व्ह अर्धाच उघडतात, पूर्ण आठ फेरे द्यायला हवेत. मी वही काढली, फॉर्म नाही काढला.

विचारलं, “आबा, वैशाखात विहिरीवर अकरा घरं यायची. भांडणं नाही झाली?”

ते खिडकीतून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “होऊक लागली, म्हणान तर पाळी लावली.”

पाळी त्यांच्या आईने लावली होती. त्यांचे वडील लवकर गेले, बहीण लग्न होऊन गेलेली, घरात आई आणि आबा. वैशाखात विहिरीत पाणी रात्रभर झिरपून साचायचं आणि सकाळी पहिल्या तासात संपायचं, म्हणून जी आधी येईल तिला मिळायचं, आणि उशिरा येणारी गाळ घेऊन जायची. एके वर्षी दोन सुनांचं भांडण कळशी फुटेपर्यंत गेलं. त्यानंतर आईने अकरा घरांची पाळी ठरवली. प्रत्येकाला दोन कळश्या, मग पुढचा. सगळ्यांच्या दोन-दोन झाल्या की उरलेलं परत पहिल्यापासून. घरी तान्हं मूल असेल तर तिसरी कळशी, बाळंतीण असेल तर पाळीची वाट बघायची नाही. आणि पहिल्या पाळीला कोण, तर ज्यांचं घर सगळ्यात लांब. मानाचा क्रम विहिरीवर चालणार नाही, असं ती वरच्या घरातल्या आजीला तोंडावर म्हणाली होती. आपल्या स्वतःच्या घराला तिने शेवटची, अकरावीनंतरची पाळी ठेवली.

आबा सांगत होते आणि मी लिहीत होते. मला याद्या आवडतात हे माझ्या घरात चेष्टेचा विषय आहे, पण इतकी चांगली यादी माझ्या हाताखालून फार वेळा गेलेली नाही. पहिली पाळी माडाकडचे. दुसरी कोंडीवरचे. तिसरी आमचे, खळ्यातले. आबा डोळे मिटून, हाताने पायवाट दाखवत एकेक घर सांगत होते, जणू ती बाई कळशी घेऊन येताना त्यांना दिसत होती. सहावीपर्यंत एका दमात. मग थांबले.

“सातवी सोड,” ते म्हणाले. “आठवी तळ्याकडचे. नववी तिठ्यावरचे.”

अकरावीपर्यंत झालं. मग परत सातवीवर आले. त्यांनी सांगितलेल्यांतल्या एका घराने फॉर्मवर या विहिरीचं लिहिलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या अकरांतली दोन घरं उरत होती, चिंचेकडचे आणि धाकट्या आळीतले, पण जागा एकच होती. त्या दोघांमध्ये कधीतरी अदलाबदल झाली होती, आणि त्यातलं एक घर तिसऱ्याच कुणाच्या पाळीत घातलं होतं, पण नक्की कोणतं हे त्यांना आठवेना. मी म्हटलं, आपण दोघांची नावं एकत्र घालू. आबा नाही म्हणाले. मी म्हटलं, मग आत्ता तुम्हाला जास्त वाटतंय ते घालते, नंतर बदलू.

“नको गो. पाळीवरसून कळशी फुटली हा त्या विहिरीवर. चुकीचा नाव नको. मोकळी ठेव.”

मोकळी ठेवली.

निघताना मी त्यांना विचारलं की हे सगळं फॉर्ममध्ये का नाही लिहिलं. ते म्हणाले, तू विचारलं होतंस विहीर आहे का. आहे म्हणून लिहिलं. पालिकेच्या फॉर्मवर ते असंच लिहायचे, जेवढं विचारलं तेवढं. मग आपणहून सांगितलं की चावीवाल्याची नोकरी लागली तेव्हा साहेबाने गल्ल्यांचा क्रम समजावून दिला आणि ते मनात म्हणाले, हे तर आपल्याला येतं. वाकोल्यात पहिली बदली होती. तिथेही ज्या गल्लीला चढ आहे तिला आधी सोडायचे.

घरी येऊन टाइप केलं. प्रस्तावनेच्या तीन ओळी, अकरा पाळ्या, नियमांच्या तीन. एकूण सतरा. कळ दाबली. सेहेचाळीसवर दहा पाळ्या बसल्या, अकरावी पाळी आणि तीन नियम सत्तेचाळीसवर गेले. आणि सत्तेचाळीसच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात, मी काही न करता, नाव आलं: पाणंदीकडचे. नवऱ्याला हाक मारून दाखवलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, बरं आहे, आता जेवूया. तो असाच आहे, पण पान त्याने दोनदा उघडून पाहिलं.

या वेळी दोन रेघा मारल्या नाहीत. आधी उलटी यादी केली. एकतीस घरं, प्रत्येकासमोर ते ज्या पानाच्या डोक्यावर येतं त्याचा आकडा. सतरा ओळी मधे घुसल्यावर पुढची सगळी घरं खाली सरकली होती, त्यामुळे कुणीतरी नव्याने गिळलं जाण्याची शक्यता होतीच. तेवीस घरांपर्यंत सगळं ठीक. चोविसाव्यासमोर आकडाच सापडेना. चोविसावं घर खळ्यातले. आमचं.

आत्याला फोन केला. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली की आता कळलं ना त्यांना कसं वाटलं ते, आणि आपल्या घराची माहिती इतकी आखूड कोणी केली? मीच केली होती. पुस्तक मी लावतेय आणि आमच्याच घराला जास्त जागा, असं कुणी म्हणू नये म्हणून वडिलांच्या फणसाच्या कलमांवरच्या सहा ओळी मी गाळल्या होत्या. आत्याने त्या फोनवर पाठ म्हणून दाखवल्या. मूळ फॉर्म तिनेच भरला होता. परत घातल्या. आमचं घर अठ्ठ्याऐंशीच्या डोक्यावर आलं, आणि पुढची सात घरं आपापल्या जागी राहिली. एकतीसपैकी एकतीस.

गुरुवारी नवी प्रत घेऊन घाटकोपरला गेले. या वेळी भाचीही घरी होती. मी प्रत बंद करून आबांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा लावला आणि पानं सोडली. पहिल्या वेळी अंगठा पुढे निघून गेला, तिठ्यावरून थेट तळ्याकडे. मग त्यांनी दोन पानं मागे घेतली आणि थांबले.

“गावला,” ते म्हणाले.

भाचीला दाखवलं. तिने आपल्या आजीने लावलेली पाळी पहिल्यांदाच वाचली. तिची स्वतःची आई, म्हणजे आबांची बहीण, लग्न होऊन गेली ती पाळी लागायच्या आधी, त्यामुळे तिने हे कधी सांगितलं नव्हतं. आबा मात्र पान मागे उलटून सेहेचाळीसवर आले होते आणि बोट सातव्या पाळीवर ठेवून बसले होते. तिथे एक क्रमांक आणि पुढे कोरी जागा. चुलतभावाने फोनवर आधीच कुरबुर केली होती, की कोरी जागा नको असा ठराव आहे आणि हीच मधे कोरी ओळ सोडते. त्याला मी सांगितलं, ही जागा ओस नाही, राखून ठेवली आहे. तो म्हणाला, हे तू ओस म्हणणाऱ्या त्या काकूंना समजावून सांग. सांगेन.

भाचीने लाडू दिले. आबांनी प्रत ठेवून घेतली. आता ती त्यांच्या खिडकीत आहे आणि जो येईल त्याला ते आधी पुस्तक बंद करून देतात, असं भाची सांगते.

वहीत आता कामाचं पान असं दिसतं. पानं ते घरं, तपासलं. घरं ते पानं, तपासलं. फणसाच्या सहा ओळी, घातल्या. फोटो, चुलतभाऊ. जोडाक्षरं, आत्या, पूर्ण. प्रेसला फाइल पंचवीस तारखेला. त्याच्या वर एक ओळ अजून उघडी आहे. गावात धाकट्या आळीतल्या काकी आहेत, नव्वदीच्या. विहिरीवर प्रत्यक्ष आलेल्या सुनांपैकी आता त्या एकट्याच. त्यांना ऐकायला कमी येतं, फोनवर जमत नाही. शेजारच्या मुलीला समोर बसवून विचारायला सांगावं लागेल, तेही दुपारी, त्या जाग्या असताना. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्या झोपल्या होत्या.

सातवी पाळी कोणाची: विचारणे.